शेळीचे तोंड सुजले, तर आधी बोट दाबून पाहा

पावसाळा सरत आला, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या शेळीपालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: शेळीच्या जबड्याखाली पिशवी लोंबू लागली आहे. तक्रार करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची बाटली असते, नाहीतर कोणीतरी सुचवलेला बिब्बा किंवा डाग द्यायला तापवलेला विळा असतो. यांपैकी काहीही वापरण्याआधी जे करायला हवे, ते मात्र सहसा कोणी केलेले नसते. सुजेवर अंगठा ठेवायचा, दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलून पाहायचे, एवढेच ते काम आहे.

मळलेल्या कणकेत बोट रुतल्यावर राहतो तसा खड्डा अंगठ्याखाली राहिला आणि हळूहळू भरून आला, तर कातडीखाली पाणी साठले आहे असे समजावे. खड्डा न पडता बोटांना सुपारीएवढी किंवा लिंबाएवढी, कडा स्पष्ट लागणारी गाठ जाणवली, तर बहुधा आत पू आहे. सूज हाडासारखी कठीण असून जबड्यापासून जराही हलत नसेल, तर मूळ दातात किंवा हाडात शोधावे लागते. सूज काही तासांत आलेली, हाताला गरम लागणारी असेल आणि हात लावताच शेळी मान झटकत असेल, तर पुढचे वाचत न बसता डॉक्टरांना फोन करावा. त्या प्रकाराबद्दल शेवटी लिहिले आहे.

एवढा भेद करण्याचे कारण असे की या चारही प्रकारांचे उपचार एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत आणि एकाचा उपचार दुसऱ्याला केला तर कधी नुसता पैसा जातो, तर कधी शेळी जाते. शेळ्या पाळायला लागलो त्या पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः एका गाभण शेळीच्या जबड्याखालची सूज गळू समजून पाच दिवस प्रतिजैविकाची इंजेक्शने टोचून घेतली होती. सूज रोज सकाळी कमी दिसायची, त्यामुळे औषध लागू पडते आहे असे वाटायचे. संध्याकाळी ती पुन्हा भरायची. सहाव्या दिवशी शेळी चरायला निघाली आणि बांधापर्यंत जाऊन बसली, ती उठली नाही. तिच्या डोळ्याची खालची पापणी मी आधी एकदाही उलटून पाहिली नव्हती.

या सकाळ-संध्याकाळच्या फरकातच या आजाराची ओळख आहे. शेळी दिवसभर मान खाली घालून चरते, त्यामुळे कातडीखाली झिरपलेले पाणी उतारावरच्या सर्वांत खालच्या जागी, म्हणजे जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ पोकळीत, साठते. रात्री ती मान वर करून रवंथ करत बसते आणि ते पाणी पुन्हा अंगात मुरते. म्हणूनच सकाळी दवाखान्यात नेलेल्या शेळीला डॉक्टर तपासतात तेव्हा सूज जवळजवळ दिसेनाशी झालेली असते आणि मालकच खोटा पडतो. संध्याकाळी शेळ्या कोंडताना मोबाइलवर सुजेचा फोटो काढून ठेवला, तर ही अडचण येत नाही. मात्र तो फोटो गटावर टाकून औषध विचारू नये. शेळीला हात न लावता दिलेला सल्ला म्हणजे अगदी शब्दशः उंटावरून शेळ्या हाकणे होय.

आता हे पाणी येते कुठून, ते पाहू. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुरमाड रानातून ते झिरपून जाते, हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रक्ताचेही तसेच आहे. रक्तात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन असते आणि रक्तवाहिन्यांतले पाणी वाहिन्यांतच धरून ठेवण्याचे काम प्रामुख्याने ते करते. हे प्रथिन फार कमी झाले की रक्ताची अवस्था मुरमाड रानासारखी होते आणि पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागते. म्हणजे जबड्याखालची सूज हा तोंडाचा आजारच नव्हे. शरीरातले प्रथिन कुठून तरी गळते आहे किंवा पोटात पुरेसे जात नाही, याची ती खूण आहे, आणि शेळीमध्ये ही गळती बहुतेक वेळा जंतांमुळे होते.

त्यांतला सर्वांत घातक जंत म्हणजे शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, राहणारा हिमॉन्कस हा रक्तपिपासू गोल जंत. तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. मादीच्या अंगात रक्ताने भरलेले लाल आतडे आणि पांढरी अंडाशये एकमेकांभोवती पीळ घालून असतात, त्यामुळे ती दोन रंगांच्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त गमावायला लावतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात असे हजार जंत असतील तर ते रोजचे 50 मिलिलिटर होतात, आणि 30 किलोच्या शेळीच्या अंगात सगळे मिळून रक्त सुमारे दोन लिटरच असते. त्यातच एक मादी दिवसाला 5,000 किंवा त्याहूनही जास्त अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात, पावसाळी उबेत आठवडाभरात त्यांतून निघालेल्या अळ्या संसर्गक्षम होतात, दवाच्या ओलाव्यावरून गवताच्या पात्यांवर चढतात आणि शेळीच्या पोटात गेल्यापासून तीन आठवड्यांच्या आत स्वतः अंडी घालू लागतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शेळी ही मुळात शेंडा खाणारी आहे. बोर, बाभूळ, हिवर यांचा पाला ती मागच्या पायांवर उभी राहून ओरबाडते आणि अळ्या तर गवताच्या बुडाकडच्या चार बोटांतच जास्त असतात. मोकळ्या माळावर फिरणाऱ्या शेळीला जंतांचा त्रास त्यामुळे कमी होतो. पण झुडपे तुटली, कुंपणे झाली आणि शेळी उसाच्या बांधावरच्या आखूड गवतावर मेंढीसारखी चरू लागली, की तिच्या पोटात जंत भराभर वाढतात. आणि जंतांविरुद्धची तिची उपजत ताकद मेंढीपेक्षाही कमी असते.

हिमॉन्कसच्या बाबतीत फसगत अशी होते की शेळीला सहसा हगवण लागत नाही. लेंडी चांगली गोळीदार पडते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. खरी खूण डोळ्यात असते. शेळीला उजेडात धरून वरच्या पापणीवरून अंगठ्याने डोळा हलकेच आत दाबावा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढावी, म्हणजे आतली ओली कातडी बाहेर येते. ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर रक्त ठीक आहे. गुलाबी असेल तर लक्ष ठेवावे. फिकट दिसली तर जंतनाशकाची वेळ आली आहे. आणि ताकासारखी पांढरी असेल तर ती शेळी आजच्या आज डॉक्टरांना दाखवावी. दक्षिण आफ्रिकेत याच तत्त्वावर पाच रंगांचा एक तक्ता तयार झाला. फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात आणि जगभरचे मेंढपाळ तो वापरतात. तक्ता हाताशी नसला तरी कळपातल्या चांगल्या शेळीच्या पापणीशी आजारी शेळीची पापणी ताडून पाहता येते.

जबड्याखाली पाणी आणणारा दुसरा जंत म्हणजे यकृतात राहणारा चपटा पर्णकृमी, ज्याला सगळे लिव्हर फ्लूक म्हणून ओळखतात. याचे अर्धे आयुष्य पाण्यातल्या छोट्या गोगलगाईत जाते, म्हणून तो पाण्याच्या मागोमाग येतो. कृष्णा-वारणाकाठची पाणथळ राने, उसाच्या पाटांच्या कडा, कालव्यातून पाझरलेल्या पाण्याची डबकी ही त्याची ठिकाणे आहेत. टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने दुष्काळी तालुक्यांतही हिरवे पट्टे तयार झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु जिथे वर्षाचे बारा महिने ओल राहू लागली, तिथल्या शेळीपालकाने पर्णकृमी हा आपल्या भागातला आजार नव्हे असे गृहीत धरू नये. कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, राहणाऱ्या आणखी एका चपट्या जंताची लहान पिल्लेही आतड्यात असताना जबड्याखाली सूज आणतात, मात्र तेव्हा पातळ, अतिशय घाण वासाची हगवण सोबत असते.

कोणता जंत आहे हे लेंडी तपासून कळते. ताजी पडलेली किंवा थेट गुदद्वारातून काढलेली मूठभर लेंडी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधावी, उन्हात न ठेवता त्याच दिवशी तालुक्याच्या पशुचिकित्सालयात द्यावी. सातारा जिल्ह्यात शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. देताना शेळ्या पाणथळीत चरतात की माळावर, हे आवर्जून सांगावे. कारण गोल जंतांची अंडी मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात, पर्णकृमीची जड अंडी मात्र त्यात नीट तरंगत नाहीत आणि त्यांच्यासाठी तळाचा गाळ पाहण्याची वेगळी पद्धत वापरावी लागते. एकच पद्धत वापरून जंत नाहीत असा निष्कर्ष निघाला आणि शेळी मात्र खंगत राहिली, असे त्यामुळे घडू शकते.

औषधाच्या बाबतीत नाव आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवावी, पण मालकाला काही गोष्टी ठाऊक असाव्यात. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही दोन नावे वेगळी असली तरी एकाच गटातली आहेत. एकाने काम केले नाही म्हणून दुसरे पाजणे म्हणजे तेच औषध दुसऱ्या बाटलीतून देणे आहे. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात टाळतात. क्लोझँटेल हे रक्त पिणारे गोल जंत आणि पूर्ण वाढलेले पर्णकृमी या दोहोंवर चालते, पण त्याची मात्रा जास्त झाली तर शेळी आंधळी होऊ शकते. लेव्हामिसोलमध्येही योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर थोडे असते. दुसरीकडे, शेळीचे यकृत अनेक औषधे मेंढीपेक्षा लवकर निकाली काढते, त्यामुळे मेंढीसाठी छापलेली मात्रा शेळीला पुष्कळदा अपुरी पडते आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. थोडक्यात, अंदाजाने बाटलीचे झाकण भरून पाजण्याला इथे जागा नाही. वजन करायला मोठा काटा लागत नाही; धान्य तोलायचा ताणकाटा तुळईला अडकवून आणि गोणपाटाची झोळी करून 30-35 किलोची शेळी सहज तोलता येते. औषधानंतर किती दिवस दूध आणि मटण वापरायचे नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

जंत मेले म्हणजे सूज लगेच उतरते असे नाही. प्रथिन भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर शेळीला रानात न नेता गोठ्यात बांधून खायला घालणे हाच निम्मा उपचार आहे. अंगात रक्त नसलेल्या शेळीला दोन किलोमीटर चालवणे जिवावर बेतू शकते. शेवरी, हादगा, लसूणघास यांचा पाला आणि आंबोणात शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड सुरुवातीला थोडी आणि मग वाढवत द्यावी. एकदम पोटभर पेंड घातली तर पोट बिघडून नवेच दुखणे उभे राहते. रक्तवाढीचे इंजेक्शन डॉक्टर गरजेप्रमाणे देतात. सुई टोचून पाणी काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्या पाण्यासोबत उरलेसुरले प्रथिन जाते, पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते आणि टोचल्या जागी माश्या बसून अळ्या पडतात.

जंतनाशक आणि चांगला खुराक देऊनही पाणी उतरत नसेल, शेळी खातपीत असून महिनोन्‌महिने खंगत असेल, तर आतड्याचा जोन्स नावाचा जुनाट आजार डॉक्टरांच्या डोक्यात येतो. त्यावर व्यवहार्य उपचार नाही आणि अशी शेळी कळपात ठेवणे परवडत नाही.

पुवाची गाठ हे सर्वस्वी वेगळे प्रकरण आहे. आपल्याकडे बाभळीचा किंवा बोरीचा काटा गालात मोडून होणारे साधे गळू पुष्कळ दिसते. ते लवकर पिकते, दुखते, त्यातला पू पातळ आणि वासाचा असतो, आणि डॉक्टरांनी फोडून धुतले की बरे होते. खरी काळजी ज्या गाठीची करायची, ती दुखत नाही, गरम लागत नाही आणि महिनोन्‌महिने हळूहळू वाढत राहते. एका विशिष्ट जिवाणूमुळे लसीका ग्रंथींमध्ये दाट पू साठण्याचा हा आजार आहे, आणि ग्रंथींच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे गाठीही ठरलेल्या जागी येतात: जबड्याखाली, कानाच्या बुडाशी, खांद्याच्या पुढे आणि मागच्या मांडीच्या पुढे. पू टूथपेस्टसारखा घट्ट, पांढरट-हिरवट आणि जवळजवळ बिनवासाचा निघतो. गाठीभोवती जाड वेष्टण तयार झालेले असल्यामुळे इंजेक्शनने दिलेले प्रतिजैविक आत पुरेसे पोचतच नाही, आणि म्हणून बाटल्या रिकाम्या करूनही गाठ तशीच राहते.

अशी गाठ गोठ्यात फुटू देणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते, कारण तिच्यातल्या पुवाचे जिवाणू माती, गव्हाण, दावे यांवर महिनोन्‌महिने तग धरतात आणि दुसऱ्या शेळीच्या अंगावरच्या एवढ्याशा ओरखड्यातून आत शिरतात. गाठीवरचे केस झडू लागले आणि कातडी पातळ झाली की शेळी वेगळी बांधावी. डॉक्टर गोठ्यापासून दूर, खाली कागद पसरून, गाठ उघडतात आणि आयोडीनच्या द्रावणाने आतून धुतात. तो कागद, कापूस आणि पू जाळून टाकावा आणि जखम पूर्ण भरेपर्यंत शेळी कळपात सोडू नये. हातमोजे घालणे हे केवळ शिस्तीसाठी नाही, कारण क्वचित का होईना, हा जिवाणू माणसालाही लागतो. काही शेळ्यांच्या गाठी बाहेर न येता फुप्फुसात होतात आणि अशा शेळ्या नुसत्याच वाळत जातात.

हा आजार बहुधा विकत आणला जातो. आटपाडीच्या बाजारात किंवा म्हसवडकडे शेळी घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो, पाठीवर हात फिरवतो. पण सौदा ठरवायला रुमालाखाली बोटे जाण्याआधी जबड्याखाली, कानाखाली आणि खांद्यापुढे बोटे जायला हवीत. गाठीची जुनी खूण किंवा ताजा डाग दिसला तर शेळी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

काही सुजा मात्र सुजा नसतातच. भरपूर दूध पिणाऱ्या एक ते चार महिन्यांच्या करडाच्या गळ्यापाशी, जिथे मान जबड्याला मिळते तिथे, मऊ फुगवटा येतो. ती लहानपणी मोठी असणारी थायमस ग्रंथी असून दूध तुटल्यावर आपोआप ओसरते. करडू उड्या मारत असेल आणि पापणी लाल असेल तर तिला हात लावू नये. शेळीच्या गळ्याला लोंबणारी दोन बोंडे आपण पाहतोच. निरुपयोगी म्हणून त्यांच्यावरूनच मराठीत ‘अजागळ’ हा शब्द आला असे सांगतात. त्यांच्या बुडाशी कधीकधी पाण्याची गोळी जन्मतःच असते, तीही निरुपद्रवी असते. गालात चाऱ्याचा बोळा अडकूनही गाल फुगलेला दिसतो. दात झिजलेल्या म्हातारीत हे चालायचेच, पण सोबत त्याच बाजूचा कान आणि ओठ लोंबत असेल, लाळ गळत असेल, शेळी एकाच बाजूला गोल फिरत असेल आणि तिला मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) घातला जात असेल, तर तो लिस्टेरियाचा मेंदूवरचा आजार असू शकतो आणि तिथे एका दिवसाचा उशीरही महागात पडतो.

राहिली ती गरम आणि घाईची सूज. चरताना शेळी झुडपात तोंड घालते, त्यामुळे घोणस किंवा फुरसे नाकाडावर किंवा ओठावरच चावते. पाहता पाहता अर्धे तोंड सुजते आणि श्वास अडू लागतो. चिरणे, करकचून बांधणे, चोखणे यांतले काहीही करू नये. शेळीला पळवू नये, उचलून न्यावे आणि निघण्याआधी दवाखान्यात सर्पविषावरचे प्रतिविष आहे का ते फोनवर विचारावे. आग्यामाशा किंवा गांधीलमाशा चावल्यावर पापण्या आणि ओठ फुगतात, त्यावर डॉक्टरांचे इंजेक्शन लवकर गुण देते. ताप असेल तर विचार वेगळा करावा लागतो. शेळीचे तापमान साधारण 102 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते. ते 105 च्या वर असून घशाखाली दुखरी सूज आणि श्वासात घरघर असेल तर घटसर्पाची शंका येते. पावसाळ्याच्या शेवटी ओठ, नाक, कान सुजून तोंड लाल-निळे पडत असेल तर चिलटांमुळे पसरणाऱ्या नीलजिव्हेची शंका येते, जरी तो आजार मेंढीला अधिक त्रास देतो. पाटण-जावळीकडे घाणेरीचा पाला खाल्लेल्या पांढऱ्या अंगाच्या शेळीचे कान आणि तोंड उन्हात सुजून कातडी सोलते. तिला सावलीत बांधणे हा पहिला उपचार. ओठांवर खपल्या येऊन ते जाड होणे हा मावा आहे आणि तो धुताना आपल्या हातालाही लागतो. यांतले काहीही दिसले तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. फोनवर सूज कधी आली, दाबल्यावर खड्डा पडतो का, ताप किती आणि पापणीचा रंग कोणता, एवढे सांगितले तर पलीकडच्या माणसाला नेमके काय घेऊन निघायचे ते कळते.

जंतांच्या सुजेकडे शेवटी एकदा परत येणे भाग आहे, कारण तिथला उपचार औषध पाजल्याने पूर्ण होत नाही. औषधानंतर 14 दिवसांनी त्याच शेळीची लेंडी पुन्हा तपासून घ्यावी. आधीच्या अंड्यांपैकी बहुतेक नाहीशी झाली असतील तर औषध लागू आहे; निम्मी-शिम्मी तशीच असतील आणि मात्रा वजनाप्रमाणे दिलेली असेल, तर आपल्या गोठ्यातले जंत त्या गटाला सरावले आहेत आणि पुढची बाटली वेगळ्या गटातली घ्यायला हवी. त्याच कारणाने सगळ्या कळपाला दर महिन्याला सरसकट औषध पाजू नये. ज्यांच्या पापण्या फिकट आहेत त्यांनाच द्यावे आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापण्या पाहाव्यात. वीस शेळ्यांच्या पापण्या पाहायला, एकाने धरायचे आणि एकाने पाहायचे, तर अर्धा तास पुरतो.